चाक न टेकवता

वाकणवाडी, ता. दापोली
१८ जानेवारी १९८७

महिपत,

मंगळवारी सकाळी मी सायकल पडवीत ठेवली आणि टेलिफोनच्या खांबांखालून चालत दापोलीला गेलो. हातात कोयता होता. करवंदीच्या जाळ्या आडव्या आल्या तिथे छाटल्या आणि जिथून चाक जाणार नाही असे वाटले तिथल्या दगडावर चुन्याची फुली मारली. एक्स्चेंजवर पोचायला उशीर झाला.

डांबरी रस्ता आपल्याकडून खाली उतरतो, पऱ्ह्याच्या ओढ्याला वळसा घालतो आणि पुन्हा चढून दापोलीला जातो. तार मात्र सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, सरळ जाते. फॉल्ट शोधत मी या खांबांखालून नोकरीची सारी वर्षे चाललो, पण वाट म्हणून तिच्याकडे कधी पाहिले नव्हते. तुझ्या पत्रामुळे पाहिले.

तुझ्या पत्रात दोन अटी आहेत. चिमाने डांबरी रस्त्यावर सायकल घालायची नाही, आणि घरचे माणूस बरोबर असल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत हे जमले नाही, तर तू तिला मुंबईला नेऊन ओळखीच्या एका घरी मुले सांभाळायला ठेवणार. तिथे तिला दोन वेळचे जेवण मिळेल आणि ती तुझ्या नजरेसमोर राहील. अटी स्पष्ट आहेत. स्पष्ट गोष्ट मला आवडते.

दिवाळीनंतर ट्रकच्या धक्क्याने ती गटारात पडली तेव्हा तू आलास, अंगणातच उभा राहिलास आणि म्हणालास, "दादा, तुझी हौस माझ्या पोरीच्या पायावर बेतली." मी त्या वेळी उत्तर दिले नाही. आजही देत नाही. चिऱ्यांचा ट्रक वळणावर उजव्या अंगाने आला होता, एवढेच खरे आहे. पण तुझी बायको गेल्यापासून चिमा आमच्याकडे आहे. तिला पहिल्यांदा सायकलवर बसवणारा मी, हेही खरे आहे.

तू हौस म्हणालास, म्हणून सांगतो. आमच्या मंडळात पाच वाड्यांची माणसे आहेत. मोडक्या सायकली गोळा करायच्या, दापोलीच्या बाजारातला कमाल त्या चालत्या करतो, आणि ज्याला गरज असेल त्याने न्यायच्या. एसटी दापोलीला पोचते तेव्हा शाळेचा पहिला तास संपलेला असतो. म्हणून पोरांना सायकल. यात मला दुसरे काही दिसत नाही. पंचायत समितीत आम्ही सायकलच्या वाटेसाठी अर्ज दिला तेव्हा तिथला एक सभासद हसून म्हणाला, "अहो रावजी, लोक डांबर मागतात आणि तुम्ही पायवाट मागता? देव तुम्हाला उलटा का चालवतो?" कमाल बाहेर आल्यावर म्हणाला, "रावजीभाव, उलटा चालवला तरी चालवतो ना, थांबवत तर नाय."

चिमाच्या पायाचे प्लास्टर निघाले. सकाळी ती थोडी लंगडते, दुपारपर्यंत नीट चालते. पुस्तके तिने माळ्यावर ठेवून दिली आहेत. ठेवायला कोणी सांगितले नव्हते.

रावजी

*

वाकणवाडी
२२ मार्च १९८७

महिपत,

शिमगा झाला. पालखी आपल्या अंगणात आली, तुझ्या वहिनीने ओटी भरली. मुंबईहून बहुतेक सगळे आले होते. तुझ्याविषयी विचारले. मी म्हणालो, गोदीत काम फार आहे. ते खरे असेलही.

वाटेचे काम पुष्कळ झाले. रविवारी कृषी विद्यापीठातली मुले आली होती. जांभ्याचे उंचवटे फोडले, खड्डे मुरुमाने भरले. एका बागेच्या दगडी गडग्याला कवाडी बसवली. बाग ज्यांची त्यांनी आधी नको म्हटले, मग त्यांचाच गडी रोज दोन वेळा सायकलवरून जाऊ लागला तेव्हा गप्प बसले. आता देवरहाटीचा तुकडा तेवढा राहिला.

तुला ती जागा आठवत असेल. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला डांबरी रस्ता. मधे झोलाईची देवरहाटी, देवीचे राखलेले रान. तार कड्यावरून झेप घेऊन पलीकडच्या खांबाला जाते. तारेला ते जमते. चाकाला देवरहाटीच्या कोपऱ्यातूनच जावे लागते. आणि तिथे चप्पल घालून कोणी जात नाही.

धूळवडीनंतर देवळात गावकी बसली. मी म्हणालो, अनवाणी जाऊ. गावकीचे प्रमुख धाकूआबा म्हणाले, "तू अनवाणी रे, पण सायकल? तिच्या पायात रबर हाय."

मंडळातला बाबल्या म्हणाला, "आबा, रबर म्हंजे चप्पल नव्हं. चप्पल चामड्याची."

"मग शीट कशाची हाय? चामड्याचीच ना?"

"शीट काढून हातात घेऊ."

"आणि बसशील कशावर, नळीवर?" मंडपात हसू उसळले. धाकूआबा स्वतः हसले नाहीत. ते म्हणाले, "पोरांनो, मला तुमची वाट नको असं नाय. माझी नात पण जाणार हाय पुढच्या सालाला. पण उद्या कोणी तापाने फणफणला की माझ्याच दारात येतील, आबा, तुमी मधे का नाय पडलात म्हणून. देवीला इचारा."

हे मला योग्य वाटले. मंडळातल्या मुलांना वाटले नाही. त्यांना वाटत होते, मी शिकलेला, यंत्रावर काम करणारा, मी चार शब्द बोलीन. मी बोललो नाही. लवू गुरवाने पाषाण धुतला, ओल्या फुलाच्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. धाकूआबांनी गाऱ्हाणे घातले. "आई झोलाई, तुझी लेकरं चाकावर बसून तुझ्या रानातून शाळेत जायचं म्हणतायत. तुझ्या मनात असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." सगळे म्हणाले, "होय महाराजा."

उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार, हे तुला सांगायला नको. डावी पडली. फार वेळ लागला नाही.

मुले निघून गेली. एकजण जाताना मला ऐकू येईल असे म्हणाला, "काकांना ह्येच पाहिजे होतं." मी घरी आलो, पाय धुतले, दिवा लावला. मला काय वाटले ते आज लिहीत नाही.

चिमाने विचारले, "काका, देवीला माझं नाव सांगितलं होतं का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग बरं." 

रावजी

*

वाकणवाडी
१० मे १९८७

महिपत,

तू उत्तर पाठवलेले नाहीस. मी पाठवत राहतो. तुला अंधारात ठेवून मला काही करायचे नाही. तरी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती शेवटी सांगतो. आधी झाले ते.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी तुझी वहिनी अंगणात चटईवर आमसुले उलटीपालटी करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवीनं काय नाय म्हटलान?"

मी म्हणालो, "वाटेला."

"वाटेला नाय. चाकावर बसून जायला नाय म्हटलान. आबांनी तसंच इचारलं. पोरीला कुठं नाय म्हटलान?"

"मग कशी जाणार?"

"देवीची पालखी जाते तशी. खांद्यावर. चाक जमिनीला नाय टेकलं म्हंजे झालं. एक पोर पुढनं धरील, एक मागनं. जड हाय म्हणून सांगू नका, ह्याच पोरी पावसाळ्यात भाताचे भारे आणतात."

मी म्हणालो, एकदा नकार आल्यावर पुन्हा विचारणे बरे दिसत नाही. ती म्हणाली, "तुमी मला एकदा इचारून गप बसता काय?" आणि पुन्हा आमसुले उलटू लागली.

मी धाकूआबांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "गाऱ्हाणं मी घातलं होतं. म्हंजे चूक झाली असंल तर माजीच." मी म्हणालो, चूक कोणाचीच नाही, प्रश्न वेगळा आहे. गेल्या बुधवारी पुन्हा कौल लावायचे ठरले. आणि नेमक्या त्याच दिवशी रत्नागिरीहून मोठे साहेब एक्स्चेंजवर येणार, सर्वांनी हजर राहावे, असा निरोप आला.

मी एक्स्चेंजवर गेलो. देवळात बसावे असे फार वाटत होते. पण मी तिथे असलो काय, नसलो काय, पाकळी पडायची तशीच पडणार. एक्स्चेंजमधले जुने रिले आम्ही सारखे साफ करतो. तिथे मी नसलो तर अडते.

साहेब माझ्याशी बोलत असताना बोर्डावरची अजरा दारात आली. चांगली ऑपरेटर आहे, कधी मधे बोलत नाही. म्हणाली, "काका, तुमच्या गावच्या पोस्टातून एक बाई बोलतायत. नाव विचारलं तर सांगत नाहीत. कोण पाहिजे विचारलं तर म्हणतात, आमच्या घरातले द्या. मी म्हटलं, कुणाच्या घरातले? तर म्हणाल्या, तारवाले."

साहेब हसले आणि म्हणाले, घ्या.

तुझ्या वहिनीने आजवर फोनला हात लावला नव्हता. ती इतक्या मोठ्याने ओरडत होती की मला यंत्र कानापासून लांब धरावे लागले.

"अवं, ऐकताव काय?"

"ऐकतोय. हळू बोल."

"कोण बोलतंय?"

"मीच."

"मीच कोण?"

"अगं मी, रावजी."

इतक्या वर्षांत माझे नाव तिने माझ्या तोंडून ऐकले नसेल. मग ती पुन्हा ओरडली, "उजवा दिलान! लय येळ लावलान. आमी सगळी बसून होतो, पाकळी हलंच ना. लवू म्हणाला, उद्या बघू. तर आबा म्हणाले, बसा, तिला इचार करू द्या. आन मग पडली. चिमा रडतेय. नाय, बरी हाय. मी फोन कुठं ठेवू?"

मागून पोस्टातल्या रघूचा आवाज आला, "काकी, तिथंच ठेवा, जिथनं उचलला."

साहेबांनी विचारले, काय झाले. मी म्हणालो, एका वाटेची परवानगी मिळाली.

"कुणाची? बांधकाम खात्याची?"

"त्याच्या वरची, साहेब."

त्यांनी मान हलवली. मग आपल्या बॅगेतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. आता लपवलेली गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी मी खात्याची परीक्षा दिली होती. पोरांच्या वयाचे लोक बसले होते, त्यांत मी. पास झालो, हे जानेवारीत कळले. नवी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे येत आहेत. त्यांत काही खटखटत नाही, काही फिरत नाही, सगळे आत कुठेतरी मुकाट्याने चालते. मला ते एकदा उघडून पाहायचे आहे. किती दिवसांपासून पाहायचे आहे, हे मी कोणाला सांगितलेले नाही. त्या कागदावर लिहिले आहे की बढतीसाठी माझी निवड झाली असून बावीस जूनला मी बंगलोरला प्रशिक्षणास हजर व्हावे. नंतर नेमणूक बाहेर होईल, बहुधा मुंबईला. नको असेल तर लेखी नकार द्यावा. या वयात दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

मी गेलो तर चिमाबरोबर घरचे माणूस राहत नाही. म्हणजे तुझी दुसरी अट मोडते. म्हणून जानेवारीत तुला कळवले नाही.

आणि शिमग्यात डावी पाकळी पडली तेव्हा मला हलके वाटले होते. वाटच झाली नाही तर इथे थांबायचे कारण उरले नसते, आणि दोष देवीकडे गेला असता. त्या मुलाने जाताना म्हटले ते अगदीच खोटे नव्हते. तुझ्या वहिनीला हे मी सांगितले नाही. तुला सांगतो आहे, कारण तू लांब आहेस.

साहेबांना मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

रावजी

*

वाकणवाडी
३१ मे १९८७

महिपत,

तुझे कार्ड मिळाले. "मग चिमाला पंधरा तारखेच्या आत मुंबईला धाडावे." बाकी कार्ड कोरे आहे. अक्षर तुझेच आहे.

मी ते चुलीपाशी वाचून दाखवले. घरात तुझ्या पत्राचे वाचन होते, तशी रीत आहे. चिमा भाकरी थापत होती. ती थांबली नाही. पण ती भाकरी तव्यावर टाकायला विसरली आणि तशीच थापत राहिली, कडा फाटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी एक्स्चेंजवर बसून नकाराचा अर्ज लिहिला. दोन ओळी. घरच्या अडचणीमुळे बढती स्वीकारता येत नाही. खिशात ठेवला. कमालच्या दुकानावर गेलो, तो पंक्चर काढत होता. मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "रावजीभाव, मला लोकांच्या ट्यूबा कळतात, तुमची नोकरी नाय कळत. पण एक सांगू? माझा भाऊ अस्लम कुवेतला गेला तेव्हा म्हणाला, तुमच्यासाठी जातो. आम्ही आजपर्यंत त्याचं ऐकतोय. तुम्ही पोरीसाठी थांबलात तर ती पण ऐकत राहील."

मी म्हणालो, मी बोलून दाखवणार नाही. तो म्हणाला, "तुम्ही बोलत नाय, तेच तर लय ऐकू येतं."

घरी येऊन मी अर्ज दिला असे सांगणार होतो. दिलेला नव्हता. म्हणून लिहिला आहे असे सांगितले. तुझी वहिनी जात्याजवळ बसली होती. तिने विचारले, "भावोजींनी काय लिवलंय? घरचं माणूस?"

"हो."

"घरचं माणूस म्हंजे काय? धोतरातलंच?"

मला आधी कळले नाही. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "शिकवा मला."

मी म्हणालो, "काय?"

"काय म्हंजे? पोरीला शिकवलात ना?"

महिपत, तुझी वहिनी पंचेचाळिशीला आली आहे. गुडघे धरून उठते. मी तिला हे बोलून दाखवले. ती म्हणाली, "गुडघे बसून दुखतात. सायकल चालवताना बसायचंच असतं की."

गेले दोन आठवडे रोज सकाळी आम्ही सड्यावर जातो. कमालने मंडळाची एक लेडीज सायकल पाठवली, ती तिने परत केली. म्हणाली, "ती पाचवारीतल्या पोरींना. माझ्या कासोट्याला दांडा आड येत नाय." माझीच जुनी काळी सायकल तिने घेतली. मी मागून कॅरियर धरतो आणि धावतो. पहिल्या दिवशी ती सरळ करवंदीच्या जाळीत गेली. दुसऱ्या दिवशी खांबावर. खांब खात्याचा आहे, त्याला काही झाले नाही.

लाकडे आणायला निघालेल्या बायका गडग्यावर बसून बघतात. जनी सगळ्यांत पुढे असते. "गो काकी, तुला बंगलोरला नेणार हायेत काय सायकलवरून?"

"तुला बसवते मागं, ये. तुझं वजन बघून चाक बसलं तर बोलू नको."

"अगो, पडशील! या वयात कोण दात बांधून देणार?"

"तुझे काढून देईन."

एवढे बोलता बोलता तिने वळण घेतले. मी कॅरियर केव्हा सोडला, ते मलाही आठवत नाही. ती देवरहाटीच्या हद्दीपर्यंत गेली आणि तिथे थांबता येईना म्हणून आडवी पडली. धावत जाऊन बघतो तर बसून हसत होती. कोपर खरचटले होते. आमचे लग्न झाल्यापासून मी तिला असे हसताना पाहिले नव्हते, किंवा पाहिले असेल आणि लक्ष दिले नसेल.

चिमाने तिला उठवले. मग दोघींनी चपला काढल्या, एकीने पुढून आणि एकीने मागून सायकल उचलली आणि देवरहाटीतून पलीकडे नेऊन ठेवली. परत येऊन चिमाची सायकल नेली. मी हद्दीवर उभा होतो. चाक कुठे टेकले नाही.

पंधरा तारीख जवळ येत आहे. अर्ज अजून खिशात आहे. तुझ्या वहिनीला उतारावर ब्रेक एकदम दाबायची सवय आहे, ती जात नाही. ही सवय सुटली नाही तर मी बंगलोरला जाणार नाही. तिला हे माहीत आहे. म्हणून संध्याकाळी एकटीच उतारावर जाऊन येते, आणि मी विचारले की म्हणते, गुरे बघायला गेले होते. आपली गुरे तर खाली पऱ्ह्यावर असतात.

तू काय म्हणशील याचा विचार मी केला. तू म्हणशील, बाईमाणूस म्हणजे सोबत नव्हे. पण चिमा पडली त्या दिवशी ट्रकच्या आवाजाने पहिली धावली ती तीच. मी त्या वेळी खांबावर होतो.

रावजी

*

बंगलोर
२८ जून १९८७

महिपत,

पत्ता वर लिहिला नाही, पाकिटाच्या मागे आहे. इथे खात्याच्या वसतिगृहात आम्ही चौघे एका खोलीत. एक जण तामिळ, एक बंगाली, एक विदर्भातला. सगळे माझ्याहून लहान. मला काका म्हणतात. सकाळी मी पूजा करतो तोपर्यंत ते थांबतात. मी सांगितले नव्हते.

पंधरा तारखेला शाळा उघडली. तू लिहिले होतेस, तरी चिमाला धाडले नाही. त्या सकाळी चार पोरी, दोन पोरगे आणि तुझी वहिनी असे सड्यावरून निघाले. पाऊस होता. जांभ्यावर शेवाळ धरले नव्हते अजून, पण पुढे धरेल. त्यासाठी बाबल्याने वाटेवर चिऱ्याचा चुरा टाकायचे कबूल केले आहे. मंडळाच्या किल्ल्या कमालकडे दिल्या. मी नसलो तर मंडळ चालणार नाही असे मला वाटत होते. कोणालाच तसे वाटत नव्हते, हे किल्ल्या देताना कळले.

मी देवळाच्या पायरीवर बसून बघत होतो. देवरहाटीच्या हद्दीवर सगळी उतरली. चपला पिशव्यांत घातल्या. धाकूआबा छत्री घेऊन तिथे आले होते, बघायला की अडवायला ते सांगता येत नाही. पहिली सायकल उचलताना एक पोरगी अडखळली. चाक टेकणार तोच धाकूआबांनी छत्री टाकली आणि चाक धरले. मग त्यांनी ते पलीकडेपर्यंत धरूनच नेले. येताना पुटपुटत होते, "सायकली बनवणाऱ्यांना लोखंड फुकट मिळालं वाटतं."

उतारावर तुझ्या वहिनीने ब्रेक एकदम दाबला नाही. मी बघत होतो.

मी दापोलीला त्याच दिवशी एसटीने गेलो. एक्स्चेंजवर अजराने विचारले, "काका, सायकल कुठे?" मी म्हणालो, घरातल्यांनी नेली. दुपारच्या सुट्टीत शाळेपाशी गेलो. चिमा वर्गात होती. खिडकीतून मला दिसली, तिने मला पाहिले नाही. फळ्याकडे बघत होती. तुझी वहिनी शाळेबाहेर आंब्याखाली जनीच्या बहिणीशी गप्पा मारत बसली होती. रोज शाळा सुटेपर्यंत ती तिथे बसणार नाही. बाजार करील, कमालच्या दुकानात बसेल, कधी घरी जाऊन परत येईल. तिचे तिने ठरवले आहे. मी काही ठरवून दिलेले नाही.

तू न्यायला येशील तर ये. तुझी मुलगी आहे. मात्र सकाळच्या गाडीने आलास तर दोघी घरी नसतील. दार उघडे असते. शेजारी सांगतील.

तुला राग येईल की मी तुला विचारले नाही. दोन अटी होत्या. त्या दोन्ही पाळल्या. तिसरी अट, मी तिथे असावे, ही तू लिहिली नव्हतीस. मीच ती मनात लिहून घेतली होती, आणि बरीच वर्षे कुठे जायचे नसले की ती वाचून दाखवत होतो, स्वतःलाच.

इथे पहिल्या दिवशी त्यांनी एक कपाट उघडून दाखवले. आत हिरव्या पाट्या उभ्या लावलेल्या. एका पाटीवर आमच्या अख्ख्या दापोलीचे काम होते. आवाज काही नव्हता. मी हात जोडले. बंगाली मुलाने विचारले, काका, देव दिसला का? मी म्हणालो, सवय आहे.

नकाराचा अर्ज मी एकोणीस तारखेला सकाळी चुलीत घातला. तुझी वहिनी दूध तापवत होती. तिने पाहिले आणि चुलीतले लाकूड पुढे सारले. मग मी बॅग उचलली, पुण्याची गाडी पकडली, आणि बावीस तारखेला इथे हजर झालो.

रावजी